नाटककार देवल आणि त्यांची शारदा

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'ची कथा ऐकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीकांस ठाऊक असेल, की तो शूर परंतु संशयी सेनानी 1890 मध्येच 'झुंझारराव' हे नाव धारण करून मराठीत अवतरला होता? त्यास मराठीत आणणारे गोविंद बल्लाळ देवल (1855-1916) हे सांगलीनजीकच्या हरिपूरचे. बेळगावी शिकत असता तेथे शिक्षक असलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांस लाभला. देवलांनी स्वतः काही काळ शिक्षकाचा पेशा केला. पुढे किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत ते नट म्हणून वावरले व इतर नटांस तालीम देऊ लागले. वाक्य नटाच्या तोंडी बसते की नाही हे ज्यास रोज पाहावे लागते, तो बोजड शब्द लिहीत नाही. देवलांच्या सोप्या भाषेचे मर्म मला यातच दिसते.

त्यांची नाटके अवघी सात, आणि त्यांपैकी सहा परक्या कथांवर रचलेली. 'मृच्छकटिक' व 'विक्रमोर्वशीय' संस्कृत नाटकांवरून, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, तर 'दुर्गा' व 'झुंझारराव' इंग्रजीवरून. 'संशयकल्लोळ'चा प्रवास तर फारच मौजेचा. मोलिएर या फ्रेंच नाटककाराची कथा आर्थर मर्फी या आयरिश नट-नाटककाराने इंग्रजीत नेली व तेथून ती देवलांच्या हाती आली. फाल्गुनराव हे नाव ऐकून कोणास फ्रान्स आठवेल?

सातवे 'शारदा' (1899) मात्र सर्वस्वी त्यांचे. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी कन्या भुजंगनाथ नावाच्या धनाढ्य वृद्धास देऊ करतो. वधूवर सगोत्र आहेत हे कोदंड नावाचा तरुण उघड करतो आणि ते लग्न मोडते. कायदा नव्हे, तर शास्त्रच त्या लोभाच्या आड येते. परंतु मंडपातून परतलेल्या मुलीस मग वरणार कोण? ती नदीत जीव द्यावयास जाते. कोदंड तिला वाचवितो व तिच्याशीच विवाह करतो.

1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास या नाटकावरून 'शारदा कायदा' म्हणतात, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ते नाव अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून पडले. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपले शहर त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने येथे तो लागूही नव्हता. आज वधूचे वय किमान 18 वर्षे असावे लागते. तथापि दिवाळीच्या सुटीनंतर वर्गातील एका बाकावरची जागा रिकामीच राहिलेली मी पाहिली आहे. देवलांच्या शारदेने आपले दुःख आईजवळ तरी बोलून दाखविले. आमची विद्यार्थिनी एक शब्दही न बोलता सासरी गेली.