इंग्रजी वाक्प्रयोगांतील क्रियापदनिवड

क्रियापद व नाम यांच्या रूढ जोडीने एकच क्रिया व्यक्त करणारे अनेक वाक्प्रयोग इंग्रजीत आहेत. उदा., ‘मेक अ मिस्टेक’ (चूक करणे), ‘टेक अ फोटोग्राफ’ (छायाचित्र काढणे), ‘पे अटेन्शन’ (लक्ष देणे). यांत मुख्य अर्थ नामात असतो. क्रियापदाचा मूळ अर्थ क्षीण होऊन ते प्रामुख्याने काळ, पुरुष इ. दर्शविते. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी अशा क्रियापदांना ‘हलकी क्रियापदे’ म्हटले आहे. कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद यावे, हे मुख्यतः रूढीने ठरते.

काही निर्माण होत असल्यास ‘मेक’ व केवळ कृती असल्यास ‘डू’ वापरावे, असा नियम सामान्यतः सांगितला जातो. ‘मेक अ नॉइज’ व ‘डू होमवर्क’ यांना तो लागू पडतो. तथापि ‘मेक अ जर्नी’ (प्रवास करणे) व ‘डू डॅमेज’ (नुकसान करणे) हे त्याला अपवाद ठरतात. प्रदेशपरत्वेही रूढी बदलते. स्नान करणे या अर्थी ब्रिटनमध्ये सामान्यतः ‘हॅव अ बाथ’, तर अमेरिकेत ‘टेक अ बाथ’ म्हणतात.

मराठीभाषकांची अडचण दुहेरी असते. ‘मेक’ व ‘डू’ या दोहोंसाठी मराठीत बहुधा ‘करणे’ हे एकच क्रियापद येते. शिवाय शब्दशः भाषांतराने कधीकधी अर्थच उलटतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक ती घेतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो व शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो. त्यामुळे ‘गिव्ह ॲन एक्झाम’ हा भारतीय इंग्रजीत आढळणारा प्रयोग परीक्षार्थीने केल्यास तोच परीक्षक असल्याचा समज ब्रिटिश वा अमेरिकन वाचकाचा होऊ शकतो. याउलट ‘शपथ घेणे’ व ‘टेक ॲन ओथ’ यांत दोन्ही भाषा जुळतात. म्हणून केवळ साम्यावर विसंबता येत नाही.

अशा जोड्यांचा पद्धतशीर संग्रह हॅरल्ड पामर यांनी टोकिओ येथे १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. जे. आर्. फर्थ (१८९०–१९६०) यांनी १९५१ मध्ये शब्दसाहचर्य ही संकल्पना अर्थविचारात पुढे मांडली. ए. एस्. हॉर्नबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये सिद्ध केलेला विद्यार्थ्यांसाठीचा कोश १९४२ मध्ये तेथेच व १९४८ मध्ये ऑक्सफर्डतर्फे निघाला. अशा कोशांत योग्य जोडी शोधताना क्रियापदाऐवजी प्रथम नामाची नोंद पाहणे सोयीचे ठरते. कारण निवड नामावर अवलंबून असते. नाम शिकतानाच त्याचे क्रियापदही शिकणे, हा यावरील सर्वांत भरवशाचा उपाय होय.