उमराहला जाताय? कार्डाचं आधी पाहा

उमराहला निघताना रियालसोबत कार्डही लागतं. मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालतं. म्हणून परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून इथूनच सुरू करून घ्या.

मक्का-मदिनेत एटीएमने ‘रुपये की रियाल?’ असं विचारलं, तर रियालच निवडा. रुपये निवडले की दर एटीएमवाली बँक लावते आणि तो बहुधा महागच पडतो.

रोख डेबिट कार्डानेच काढा. दर वेळी शुल्क लागतं, त्यामुळे थोडी-थोडी काढू नका. क्रेडिट कार्डावरच्या खरेदीचं बिल मुदतीत पूर्ण भरलं तर व्याज लागत नाही. रोखीला मात्र पहिल्याच दिवसापासून लागतं. सूद टाळणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं.