सोया-मेणाची सुगंधी वर्ती : निर्मिती आणि परीक्षा

गेल्या काही वर्षांत औषधालयांच्या फडताळांत च्यवनप्राश आणि केशतैलांच्या शेजारी सुगंधी मेणबत्त्या दिसू लागल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास त्यांची मागणी वाढते आणि अनेक वैद्यमित्र त्या घरीच तयार करून रुग्णांना देतात किंवा विक्रीस ठेवतात. बार्शीटाकळी येथील आमच्या चिकित्सालयातही आम्ही हा उद्योग केला. पहिल्या वर्षी केलेल्या वर्तींपैकी एक आम्ही चाचणी न घेता एका घरी भेट म्हणून दिली. चहाच्या साध्या काचेच्या पेल्यात ओतलेल्या त्या मेणात आम्ही मोठ्या हौसेने जटामांसीचे वस्त्रगाळ चूर्ण मिसळले होते. चार दिवसांनी त्या घरच्या आजी दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, गिलास तडकला न जी, सारं मेन फळीवर सांडलं." घरात सहा महिन्यांचे बाळ होते. फळी थोडी करपली, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून संपूर्ण जाळून पाहिल्याशिवाय एकही वर्ती आम्ही दाराबाहेर जाऊ दिलेली नाही. प्रस्तुत लेखात कृतीपेक्षा परीक्षेला अधिक जागा दिली आहे, ती याच कारणाने.

प्रथम द्रव्याचा विचार करू. सोयाबीन हे आता वऱ्हाडाचे घरचे पीक आहे. १९९० नंतरच्या काळात ज्वारी आणि कापूस यांच्या क्षेत्राचा मोठा भाग त्याने व्यापला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'सुवर्ण सोया', 'पीडीकेव्ही अंबा' असे वाणही दिले आहेत. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल असते. म्हणजे दीडशे ग्रॅम मेणाच्या एका वर्तीमागे पाऊण ते एक किलो सोयाबीन लागते. मात्र तेलाचे मेण घरी होत नाही. निकेल या धातूच्या सान्निध्यात तेलातून उष्णता व दाब देऊन हायड्रोजन वायू खेळवावा लागतो आणि हे काम कारखान्याचेच आहे. वनस्पती तूप याच क्रियेने तयार होते, हे वाचकांना विदित आहे. फरक घनीभवनाच्या प्रमाणाचा आहे. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंश सेल्सियसला वितळते, तर पात्रात ओतण्याचे सोया-मेण साधारण ४६ ते ५४ अंशांच्या दरम्यान वितळते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण वैशाख येताच त्याची आठवण होणार आहे.

मेणाची वर्ती आपल्या शास्त्राला नवी नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात धूमपानासाठी जी वर्ती सांगितली आहे, ती आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड व यवाच्या आकाराची असते. तिचा स्नैहिक प्रकार तर वसा, घृत आणि मधूच्छिष्ट यांतच बांधलेला आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या आगारात सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचा धूप दहा दिवस दोन वेळा करण्यास सांगितले आहे. काश्यपसंहितेत तर धूपकल्पाचा स्वतंत्र अध्यायच आहे. परंतु या आधारावर सोया-मेणाच्या वर्तीला 'धूपनकल्प' म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. धूपनात द्रव्य जळते आणि त्याचा धूम हेच साधन असते. सुगंधी मेणवर्तीत याच्या नेमके उलट घडते. ज्योतीच्या उष्णतेने भोवतीचे मेण वितळून तळे तयार होते आणि त्या तळ्याच्या पृष्ठभागावरून गंधद्रव्य उडून खोलीत पसरते. वातीतून वर चढून ज्योतीत जळणारा गंधाचा अंश नष्ट होतो. म्हणजे चांगली वर्ती धूर करीत नाही. ती धूर करू लागली तर तो दोष समजावा.

एवढे स्पष्ट झाले की जटामांसीचे चूर्ण का घालू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. वात ही केशनलिकांचा जुडगा आहे. चूर्ण तिच्या वाटा बुजवते आणि ज्योत मंदावते. वितळलेल्या मेणावर तरंगणारे चूर्ण ज्योतीजवळ गेले की तेच दुसरी वात बनते आणि पात्राच्या काठाशी जळू लागते. आमचा पेला याच कारणाने तडकला, असे पुढच्या प्रयोगांत दिसून आले. शोभेसाठी लावलेल्या वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि दालचिनीचे तुकडे यांचाही हाच धोका आहे. सिद्ध तैलही निरुपयोगी ठरते. नारायण तैल किंवा चंदनबला तैल उडनशील नाही. ते मेण मऊ करते आणि वातीत कोळसा साठवते. गुलाबजल किंवा अर्क तर घालूच नये. स्नेहसिद्धीची परीक्षा करताना कल्काची वात अग्नीत टाकून ती तडतड न करता जळते का, हे आपण सर्वजण पाहतो. तडतड झाली तर पाक अपुरा आणि जलांश शिल्लक, असे समजतो. मेणाच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. वितळवताना वाफेचे चार थेंब पडले, तरी वर्ती पेटल्यावर तडतडते व मेणाचे शिंतोडे उडतात.

गंधासाठी ऊर्ध्वपातित उडनशील तेलेच घ्यावीत. गवती चहा, सिट्रोनेला आणि लवंग यांचा गंध मेणात बऱ्यापैकी टिकतो. वाळ्याचा गंध शीत अवस्थेत उत्तम येतो, पण वर्ती पेटवल्यावर खोलीत फारसा जाणवत नाही. आम्ही तीन वेळा प्रयत्न करून तो सोडून दिला. निलगिरी तेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, ४८ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे ते उकळत्या मेणात उघड्या शेगडीजवळ ओतणे म्हणजे आगीशी खेळ होय. कापूर घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो लवकर उडून जातो, ज्योत भडकवतो आणि लहान मुलांच्या सान्निध्यात तो नकोच.

कृती थोडक्यात सांगतो. प्रथम एकच पात्र करावे, एकदम वीस करू नयेत. १५० ग्रॅम सोया-मेण तोलून घ्यावे. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात दुसरे कोरडे भांडे ठेवावे व त्यात मेण वितळवावे. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. तापमापी हाताशी असावा. मेण ८० अंशांच्या आसपास आले की भांडे खाली उतरवावे, शेगडी विझवावी आणि मग गंधतेल घालावे. प्रमाण मेणाच्या ६ टक्के, म्हणजे ९ ग्रॅम असावे. हे तेल वजनानेच मोजावे, थेंबांनी किंवा मिलिलिटरने नव्हे, कारण प्रत्येक तेलाची घनता निराळी असते. दोन मिनिटे सावकाश ढवळावे. ६० अंशांच्या जवळपास आल्यावर वात मधोमध ताठ धरून मेण ओतावे. पौष महिन्याच्या थंडीत पात्र आधी किंचित कोमट करून घ्यावे, अन्यथा मेण काठापासून सुटते व मध्ये खळगा पडतो. पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटली तर घाबरू नये; तो सोया-मेणाच्या स्फटिकांचा स्वभाव आहे. आणखी प्रमाण वाढवले की सुगंध वाढतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. १० टक्क्यांपलीकडे तेल मेणात मुरत नाही, ते वर घामासारखे सुटते आणि ज्योतीला मिळाले की भडका होतो.

वातीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण निम्मे अपयश येथेच असते. वऱ्हाडात घरोघरी कापसाच्या वाती वळल्या जातात आणि आम्हांसही प्रथम त्याच वापराव्याशा वाटल्या. समईत ती वात उत्तम जळते, कारण आपण ती वेळोवेळी पुढे सारतो व काजळी झाडतो. मेणात रोवलेल्या वातीला असा सेवक नसतो. तिने आपले टोक आपणच जाळून टाकावे लागते. फ्रान्समध्ये १८२५ साली विणलेली वात आली, तिचे मर्म हेच आहे. वेणीसारखी विणलेली वात जळताना वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला हवेत येते आणि भस्म होते. हाताने वळलेली वात ताठ उभी राहते व टोकावर काजळीचा गोळा धरते. म्हणून मेणबत्तीसाठी विणलेली सुती वातच घ्यावी. काही वातींच्या गाभ्यात तार असते. ती तार पांढऱ्या कागदावर घासून पाहावी. शिशासारखी करडी रेघ उमटली तर वात टाकून द्यावी. शिशाच्या तारेच्या वातींवर अमेरिकेत २००३ साली बंदी आली, ती त्यांच्या धुरातून शिसे हवेत जाते म्हणून.

आता परीक्षा. ओतल्यानंतर वर्ती झाकून दहा ते चौदा दिवस ठेवावी. या काळात गंध मेणात मुरतो. मग वात ६ मिलिमीटरवर कापावी, वर्तीचे वजन करावे आणि वारा नसलेल्या जागी, पंखा बंद ठेवून, पेटवावी. एका वेळी चार तास जाळावे, विझवावे, पूर्ण निवू द्यावे, वात पुन्हा कापावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवावी. दीडशे ग्रॅमच्या वर्तीला अशा आठ-नऊ बैठका लागतात. म्हणजे एका परीक्षेला, मुरण्याचा काळ धरून, तीन आठवडे पुरत नाहीत असेही होते. घाई असेल त्याने हा उद्योग करू नये.

प्रत्येक बैठकीत काय पाहावे? पात्राच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास, या हिशेबाने मेणाचे तळे काठापर्यंत पोहोचले पाहिजे. तळे काठापर्यंत कधीच जात नसेल, तर वात बारीक आहे. मध्ये विहीर पडून ज्योत बुडते. ते पाऊण तासातच पोहोचले आणि खोली १ सेंटिमीटरपेक्षा बरीच अधिक झाली, तर वात जाड आहे. पात्र तापते आणि मेण भराभर संपते. बैठकीपूर्वीच्या व नंतरच्या वजनांतून ताशी किती ग्रॅम मेण जळले, ते कळते. आमच्या चांगल्या वर्तींचे हे मान चार ते पाच ग्रॅम आले. ज्योत नाचरी असू नये. धुराची परीक्षा आपल्या आजीने काजळ धरण्याच्या रीतीने करावी. पांढरी चिनी मातीची बशी ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर मिनिटभर धरावी. बशी स्वच्छ राहिली पाहिजे.

गंधाची परीक्षा करणाऱ्याने स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नये. अर्ध्या तासात घ्राणेंद्रिय त्या गंधाला सरावते. घरातील जी व्यक्ती बाहेरून आली असेल, तिला आत बोलावून विचारावे. आमच्या घरी हे काम शाळेतून येणाऱ्या पुतणीकडे आहे आणि तिचा निर्णय आम्ही वहीत लिहून ठेवतो. "काकू भाजी करते तोच वास येतो" हा शेराही त्या वहीत आहे.

सर्वांत कठोर बैठक शेवटची. मेण तळाशी एक सेंटिमीटर उरल्यावर ज्योतीची उष्णता थेट पात्राच्या बुडाला लागते. साध्या पेल्याची काच याच वेळी तडकते. जाड, उष्णतारोधक काच किंवा स्टीलचा उभा डबा घ्यावा. डबा तडकत नाही, मात्र तापतो. म्हणून खाली फरशी किंवा बशी हवी. न भाजलेली अथवा झिलई नसलेली मातीची पणती मेण शोषून घेते आणि स्वतःच पेटू शकते. नारळाच्या करवंटीविषयी तर बोलायलाच नको. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी ओतू नये. पात्रावर धातूचे झाकण ठेवावे.

राहिला वैशाखाचा प्रश्न. मार्गशीर्षात उत्तीर्ण झालेली आमची वर्ती मे महिन्यात अनुत्तीर्ण झाली. अकोला परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छपराखालची फडताळे त्याहून तापतात. मेण मऊ पडले, वात कलली आणि पृष्ठभागावर तेलाचा घाम आला. सिक्थतैलात मेणाचे प्रमाण ऋतूनुसार कमीजास्त करण्याची औषधनिर्मात्यांची रीत येथे उपयोगी पडली. मधूच्छिष्ट ६२ ते ६४ अंशांना वितळते. सोया-मेणाच्या ८५ भागांत १५ भाग मधूच्छिष्ट घातल्यावर वर्ती उन्हाळ्यात उभी राहिली. मात्र मिश्रण दाट झाल्याने पूर्वीची वात अपुरी पडली आणि एक क्रमांक जाड वात घेऊन सर्व परीक्षा प्रथमपासून करावी लागली. मेण, गंध, वात आणि पात्र यांतील एकही घटक बदलला की जुनी परीक्षा रद्द होते.

विक्री करणाऱ्या औषधालयचालकांसाठी दोन शब्द. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषध हे प्रमाणग्रंथांतील पाठानुसार असावे लागते. सोया-मेणाची वर्ती कोणत्याही ग्रंथात नाही, आणि औषधाचा परवाना असल्याने ती औषध ठरत नाही. ती सुगंधी मेणबत्ती म्हणूनच विकावी. वेष्टनावर रोगांची नावे घालून जाहिरात केल्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याशी गाठ पडू शकते. चरकाचार्यांनी धूमपानास अयोग्य अशांत गर्भिणीचा उल्लेख केला आहे. वर्ती हा धूम नसला, तरी आम्ही गर्भिणी, तान्ही बालके आणि तमकश्वासाचे रुग्ण असलेल्या घरी ती देत नाही. तीव्र गंधाने श्वासाचा वेग उठलेले रुग्ण आमच्या पाहण्यात आहेत.

आमच्या वेष्टनावर निव्वळ वजन, मेणाचे घटक, गंधतेलाचे नाव, तयार केल्याचा महिना आणि तीन सूचना असतात : वात ६ मिलिमीटरवर कापावी, एका वेळी चार तासांहून अधिक जाळू नये, तळाशी एक सेंटिमीटर मेण उरल्यावर विझवावी. त्याखाली परीक्षेच्या वहीतील पृष्ठांक लिहिलेला असतो.