उघडल्याशिवाय कळत नाही

नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचं एक मोठं देखभाल केंद्र आहे. एअर इंडियाने बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली, त्या व्यवहाराचा भाग म्हणून बोइंगने ते बांधून दिलं. २०१५ साली ते एअर इंडियाच्या ताब्यात आलं. आज सरकारी मालकीची एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ते चालवते. अशा कुठल्याही हँगरमध्ये शिरलेल्या विमानाबद्दल वरिष्ठांचा प्रश्न ठरलेला: कधी सुटणार? आणि प्रामाणिक इंजिनिअरचं उत्तरही ठरलेलं: आधी उघडू द्या.

कागदावरचे आकडे सोपे आहेत. दोन उड्डाणांमध्ये विमानाभोवती एक फेरी होते, टायर, गळती, इंजिनाची पाती नजरेखालून जातात. प्रवासी चढेपर्यंत ते आटोपतं. ए-चेक साधारण एका रात्रीत होतो. सी-चेक दीड-दोन वर्षांनी, आठवडा-दोन आठवड्यांचा. सर्वांत मोठी तपासणी, जुन्या भाषेतला डी-चेक, विमानाच्या जातीप्रमाणे सहा ते बारा वर्षांनी येते. तेव्हा आसनं, गॅली, शौचालयं, फरशा, भिंतींची पॅनेलं सगळं उतरतं आणि विमान महिना-दोन महिने हलत नाही. अक्षरांची ही उतरंड आता सैल झाली आहे. अनेक कंपन्या मोठ्या कामांचे तुकडे करून रात्रीच्या मुक्कामांत वाटून टाकतात, कारण उभं विमान कमावत नाही, त्याचा हप्ता मात्र थांबत नाही.

वेळापत्रक बिघडवतात ती यादीबाहेरची कामं. ठरलेल्या कामांची जॉब कार्डं आधीच तयार असतात. पण गॅलीखालची किंवा शौचालयाखालची फरशी उचलली की वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याने बीमला धरलेला गंज दिसतो, आणि नवं कार्ड निघतं. गंज घासून काढायचा, खोली मोजायची. मर्यादेत असेल तर रंग देऊन पुढे. नसेल तर उत्पादकाला कळवून दुरुस्तीच्या मंजुरीची वाट पाहायची. इंधनाची टाकी गळत असेल तर ती रिकामी करा, हवा खेळवा, मग माणूस पंखाच्या पोटात सरपटत शिरणार. तिथे लावलेलं सीलंट सुकायला त्याचा वेळ घेतंच. चार माणसं जास्त लावून तो वेळ कमी होत नाही.

मग जास्त वेळा, जास्त खोल उघडलं तर विमान जास्त सुरक्षित होईल? एके काळी या धंद्याचीही हीच समजूत होती: भागाचं आयुष्य ठरवा, ते भरलं की खोलून नवा करा. युनायटेड एअरलाइन्सचे स्टॅन्ली नॉलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालाने ती मोडीत काढली. त्यांच्या अभ्यासात ८९ टक्के भागांना वयाची मर्यादा घालून काहीच फायदा नव्हता. उलट बरेच भाग नव्याने बसवल्यावरच जास्त दगा देत होते. डीसी-८ विमानाच्या सुरुवातीच्या देखभाल कार्यक्रमात ३३९ भागांची ठरावीक तासांनी ओव्हरहॉल होती. डीसी-१०साठी उरले सात. डीसी-८च्या मोठ्या सांगाडा-तपासण्यांमधलं अंतर २०,००० तासांपर्यंत न्यायला ४० लाखांहून अधिक मनुष्यतास लागले होते. त्याहून कितीतरी मोठ्या ७४७ला ६६,००० पुरले. देखभालीच्या इतिहासात याहून धाडसी काटकसर मला तरी माहीत नाही, आणि तिने सुरक्षितता घटली नाही.

दुरुस्तीही जपून करावी लागते. १९७८ साली जपान एअरलाइन्सच्या एका ७४७ची शेपटी ओसाकाला धावपट्टीवर घासली. मागच्या दाब-भिंतीची दुरुस्ती खुद्द बोइंगच्या पथकाने केली, पण जोडपट्टी अखंड न लावता तुकड्यांत लावली गेली आणि भार रिव्हेटांच्या एकाच रांगेवर आला. विमान सात वर्षं उडत राहिलं. मधल्या तपासण्यांना वाढती भेग सापडली नाही. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ते कोसळलं आणि ५२० माणसं गेली.

प्रवाशाला भेटतो तो ‘तांत्रिक कारणाने उशीर’. त्यातही दिसतो त्याहून जास्त हिशेब असतो. काय बिघडलं तरी उडता येतं याची मंजूर यादी असते, तिचं नाव एमईएल. तिच्यात बी वर्गाचा बिघाड तीन दिवसांत, सी वर्गाचा दहा दिवसांत काढावाच लागतो. यादीत नसलेला बिघाड असेल तर विमान एओजी, म्हणजे जमिनीवर अडकलेलं. मग सुटा भाग मिळेल त्या पुढच्या विमानाने मागवतात. काम संपलं तरी परवानाधारक इंजिनिअरची सही झाल्याशिवाय विमान सुटत नाही.

आणि रांगेत गेलेल्या वेळेला तर कुठलंच वेळापत्रक लागू होत नाही. पंखाखालचं इंजिन काढून दुसरं चढवणं हे एक-दोन दिवसांचं काम. पण २०२३ साली प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांच्या चकत्यांमध्ये वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्धी निघाली, आणि जगभरची इंजिनं तपासणीसाठी मुदतीआधी उतरवावी लागली. इंजिन उतरल्यापासून परत चढेपर्यंत २५० ते ३०० दिवस लागतील, असा अंदाज कंपनीनेच दिला. बदली इंजिनं नव्हती, वर्कशॉप भरलेली होती. इंडिगोची डझनावारी विमानं उभी राहिली, आणि कंपनीने ती जागा भरायला दुसऱ्यांची विमानं वैमानिकांसकट भाड्याने घेतली.