विमान कोठून गळते?

एरंडोलकरांना धाब्याचे गळणे नवे नाही. ओल दिसते देवघरात, आणि भोक सापडते ओसरीवर! छोट्या विमानाचेही असेच आहे. १९३२ साली सुरू झालेल्या टाटांच्या टपालविमानांना पावसाळ्यात जुहूचे चिखलाचे मैदान सोडून पुण्यास जावे लागे. पुढे आपल्या शेजारच्या शिरपुरासही तरुण छोट्या विमानांवर शिकू लागले. पाऊस कोणालाच चुकत नाही.

पुढच्या काचेच्या कडेने शिरलेले पाणी पत्र्याआडच्या पट्टीवरून वाहत जाऊन बैठकीखाली साचते. म्हणून ओल दिसली तेथेच लांबी भरणे व्यर्थ. आपण प्रथम आतले अस्तर काढून सारे कोरडे करू. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीने मंद धार सोडावी. जोराची धार नको. पाऊस शिरत नाही तेथेही ती शिरते. खालून हळूहळू वर जावे : दाराचे रबर, खिडक्या, पंखांचे सांधे, शेवटी छत. थेंब दिसताच खडूने खूण करावी.

विमानाच्या पोटाची बारीक भोके मात्र बुजवू नयेत. त्या त्याच्या पन्हळी होत. त्या तुंबल्या की पत्रा कुजू लागतो.

सर्वांत घातक गळती पेट्रोलटाकीच्या झाकणाची. पाणी जड, ते तळाशी बसते आणि इंजिनात गेल्यास ते बंद पाडते. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळचे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून पाहतात. घरात आपण गळतीखाली बादली ठेवून निभावतो. आकाशात तसे निभावत नाही.