मशीन घरचंच, पण सीमेपलीकडचं

गेल्या उन्हाळ्यात गळीत हंगाम संपला, कोयते म्यानात गेले, टोळ्या परतल्या, आणि आमच्या गटातले आम्ही पाच सभासद दाभोळला निघालो. निमित्त देवदर्शनाचं सांगितलं होतं. दाभोळची चंडिकादेवी गुहेत आहे, तिचं दर्शन आम्ही घेतलंही. पण खरं काम होतं आबांच्या मशीनचं. आबा म्हणजे आमच्याच शिवारातले एक जुने ऊस उत्पादक. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आबाच. हकिगत मात्र छापा म्हणाले. "मी आपटलो, निदान दुसरा कुणी आपटू नये," हे त्यांचे शब्द.

आबांनी दोन वर्षांपूर्वी दाभोळजवळ चार एकर कातळ घेतला, हापूस लावायला. ऊसवाल्याला कोकणातल्या कातळाची कल्पना येत नाही. आपल्याकडे नांगर अडला तर दगड लागला म्हणतात, तिथे सगळाच जांभा. आंब्याचं ठरलेलं अंतर दहा बाय दहा मीटर, म्हणजे एकरी चाळीस झाडं. चार एकराला एकशे साठ खड्डे. खड्डा एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. तो उन्हाळ्यात खणून तापू द्यायचा, पावसाआधी तळाला पालापाचोळा, वर चांगली माती, शेणखत, सुपर फॉस्फेट घालून भरायचा, आणि पहिला पाऊस स्थिरावला की कलम लावायचं. कातळात माती नसतेच, ती बाहेरून आणावी लागते. हे सगळं मेअखेर उरकलं नाही तर वर्ष गेलं. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढची सगळी धावपळ त्यासाठीच आहे.

पहारीने असे खड्डे मारायचे तर माणूस थकून जातो. मे महिन्यात तिथल्या भाड्याच्या मशीनवर सगळ्यांचीच उडी. आबांचे दाजी निपाणीकडचे. त्यांचा मशीन भाड्याने देण्याचा धंदा. त्यांच्याकडे एक जुना जेसीबी होता. (जेसीबी हे खरं एका विलायती कंपनीचं नाव. १९७९ साली त्यांनी हरियाणात बल्लभगडला भागीदारीत कारखाना काढला, आणि आता आपल्याकडे कुणाचंही पिवळं मशीन दिसलं की जेसीबीच.) दाजी म्हणाले, "घेऊन जा की, घरातलंच हाय." व्यवहार तोंडी झाला. निम्मे पैसे उसाच्या बिलातून दिले, निम्मे पुढच्या हंगामात द्यायचे. कागद म्हणाल तर एक चिठ्ठीसुद्धा नाही. मेहुण्या-मेहुण्यात कसली चिठ्ठी?

एप्रिलअखेर मशीन ट्रेलरवर चढवलं. निपाणीवरून कोल्हापूर, कराड, तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा बेत होता. सीमा ओलांडल्यावर रस्त्यावरच्या एका तपासणीत गाडी थांबली. साहेबांनी कागद मागितले. नोंदणी दाजींच्या नावावर, कर्नाटकची. विमा फेब्रुवारीतच संपलेला. मालाचं बिल नाही, ई-वे बिल नाही. आबा सांगताहेत, "साहेब, विकायचं न्हाई, भाड्यानं द्यायचं न्हाई, स्वतःच्या बागेत खड्डं काढायचं हायत." साहेब शांतपणे म्हणाले, "मग कागद दाखवा." मशीन तिथेच उभं राहिलं. ट्रेलरवाल्याचं रोजचं भाडं सुरूच. आबांनी रात्री आम्हांला फोन केला तेव्हा आवाज बसला होता.

आता सभासद बंधूंनो, इथे आबांची चूक काय झाली ते नीट बघू, कारण ही चूक आपल्यातले निम्मेअधिक लोक करतात. सीमाभागात आपली नातीगोती दोन्हीकडे. ट्रॅक्टर इकडून तिकडे जातो, ट्रॉली जाते, ऊसतोडणी यंत्र जातं. आपल्याला ती सीमा दिसतच नाही. कायद्याला दिसते. आणि 'स्वतःच्या वापरासाठी' हे शब्द आपल्याला फार मोठे वाटतात. मोटार वाहन कायद्यात त्यांना फारशी किंमत नाही.

मशीनला चाकं आहेत आणि ते रस्त्यावर येतं, म्हणजे ते वाहन. 'बांधकाम उपकरण वाहन' असा त्याचा वेगळा वर्ग केलेला आहे. त्याची नोंदणी लागते, विमा लागतो, चालवणाऱ्याकडे योग्य परवाना लागतो. परराज्यातलं वाहन आपल्याकडे आणता येतं, त्याला बंदी नाही. पण ते बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिलं तर इथला नंबर घ्यावा लागतो. हे झालं मालक तोच असताना. मालक बदलला की निराळं. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर विकलं तर ४५ दिवसांत कळवायचं. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या आरटीओकडे अर्ज द्यायचा. परराज्यातलं असेल तर पहिल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो. फॉर्म नंबर २८ त्याचा, २९ आणि ३० मालकी बदलाचे, २७ नव्या नंबराचा. हे नंबर कुठेतरी लिहून ठेवा. एजंटाकडे गेलात तरी तो काय भरतोय हे कळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट जीएसटीची. १ जुलै २०१७ पासून जकातीसारखे जुने कर गेले, नाक्यावरच्या रांगा गेल्या, आणि लोकांचा समज झाला की आता काहीच लागत नाही. दाजींचा धंदा जीएसटीत नोंदलेला. मशीन त्यांच्या धंद्याचं. ते ट्रेलरवर माल म्हणून राज्याबाहेर निघालं आणि किंमत पन्नास हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल आलंच. २०१८ च्या एप्रिलपासून राज्याराज्यांतल्या वाहतुकीला ते लागू आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. दाजींनी ते दहा मिनिटांत काढलं असतं. विचारलंच नाही कुणी.

आणि विमा. दंड भरून माणूस सुटतो. पण कुंभार्लीच्या घाटात मशीनखाली कुणी सापडलं असतं आणि विमा नसता, तर चार एकर कातळ, इथला ऊस आणि घरसुद्धा पुरलं नसतं. हे आम्ही आबांच्या तोंडावर बोललो. ते गप्प बसले.

दाजी दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढून आले. दंड भरला, विमा नवा केला, विक्रीचं रीतसर बिल केलं, ई-वे बिल काढलं. ना-हरकतीचा अर्ज निपाणीकडे टाकला. सगळं मिळून सहा दिवस गेले. मे महिन्यातले सहा दिवस! आबांची सौ. म्हणाल्या, "एवढ्यात पंचवीस-तीस खड्डं झालं असतं."

चिपळुणात आणखी एक प्रश्न. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशी, खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. खेड-दापोलीवरून गेलं तर वळणाचा लांब रस्ता. गुहागरवरून गेलं तर धोपाव्यापर्यंत सडक, आणि पुढे फेरीबोट. ही दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली, त्याआधी पलीकडच्या काठावर गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा. आम्ही बोटवाल्यांना आधीच विचारलं, वजन सांगितलं, भरती-ओहोटी विचारली. जेसीबी सात-आठ टनांचा. धक्क्याचा उतार पाण्याच्या पातळीप्रमाणे कमीजास्त होतो. त्यांनी सांगितलेल्या वेळी मशीन ट्रेलरवरून उतरवून एकटंच बोटीवर घेतलं. पलीकडे पिवळं मशीन उतरलं तेव्हा आबांनी हात जोडले. कुणाला, ते आम्ही विचारलं नाही.

जाता जाता एक गंमत. 'दाभोळ वीज प्रकल्प' म्हणून ज्याचं नाव देशभर गाजलं, तो एन्रॉनचा कारखाना दाभोळात नाहीच. तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. नाव एका काठाचं, धूर दुसऱ्या काठाचा.

दाभोळला आम्ही चार रात्री राहिलो. आज शांत वाटणारं हे गाव एके काळी बहमनी आणि नंतर आदिलशाही राज्याचं मोठं बंदर होतं. अरबस्तानातले घोडे इथे उतरत. परमुलखातून महागडी वस्तू आणली की काय होतं, याचा अनुभव पाचशे वर्षांपूर्वी एका रशियन माणसाने घेतला आहे. अफनासी निकितिन त्याचं नाव. तो चौलला उतरला तो एक घोडा घेऊन. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून अट घातली. एका ओळखीच्या खुरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. पुढे १४७० च्या दशकाच्या आरंभी तो मायदेशी जायला निघाला तो दाभोळहूनच. आबांना ही गोष्ट सांगितली. म्हणाले, "मग माझं बरंच म्हणायचं. माझ्याकडं नुसतंच कागद मागितलं."

तिथेच बंदरावर एक वयस्कर चाचा भेटले. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला. या पट्ट्यात घरटी एक माणूस परदेशात, असं म्हटलं तरी चालेल. मुलगा कायमचा परत येणार होता, आणि तिथे स्वस्तात मिळणारं दोन-अडीच टनांचं छोटं खोदाई मशीन सामानाबरोबर आणायचं त्याच्या मनात होतं. स्वतःच्या बागेला. चाचांनी आम्हांला विचारलं, "तुम्ही कारखान्याची माणसं, तुम्हांला ठाऊक असेल. सामान म्हणून येतं का हो?"

येत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात 'बॅगेज' म्हणजे प्रवाशाचं सामान, त्यात मागाहून बोटीने येणारं सामानही धरतात, पण मोटार वाहन स्पष्टपणे वगळलेलं आहे. आणि खोदाई मशीन पट्ट्याचं असलं तरी घरगुती वस्तू म्हणून कुणी मान्य करणार नाही. ते रीतसर आयात म्हणूनच आणावं लागतं. जुनं यंत्र आणायला सर्वसाधारणपणे मोकळीक आहे, पण किंमत आपण सांगू ती धरत नाहीत. यंत्राचं वय, स्थिती, किंमत याचा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. मग त्यावर सीमाशुल्क आणि जीएसटी.

आम्हांला सर्वांत आश्चर्य वाटलं ते पुढच्या अटीचं. आयात करणाऱ्याला एक कोड नंबर काढावा लागतो. वैयक्तिक वापराची वस्तू आणणाऱ्याला त्यातून सूट आहे. पण कोणत्या वैयक्तिक वापराला? जो व्यापार, उत्पादन किंवा शेतीशी संबंधित नाही त्याला. म्हणजे बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी आणलं तर एक गोष्ट, कलमांच्या बागेसाठी आणलं तर दुसरी. शेतकऱ्याचा वापर हा खाजगी वापर नव्हे, असं कायदा म्हणतो. आपण शेतीला धंदा म्हणावं की नाही यावर सभेत वाद घालतो. सरकारने इथे निकाल देऊन टाकला आहे.

आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट. परदेशातून आलेल्या मशीनच्या पट्ट्यात, बकेटात माती चिकटलेली नको. परवान्याशिवाय माती देशात आणायला बंदी आहे, २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे. मातीतून कीड, सूत्रकृमी, तणाचं बी येतं. गाजर गवत पुण्यात प्रथम नोंदलं गेलं १९५५-५६ च्या सुमारास, बाहेरून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानतात, आणि आज आपल्या एकाही बांधावर ते नाही असं होत नाही. आबांचं मशीनही चिपळुणात धुऊन घेतलं. कायदा म्हणून नव्हे. निपाणीकडची हरळी आपल्या बागेत कशाला?

खड्डे सुरू झाले तेव्हा गावातल्या एका माहितगाराने आबांना बाजूला घेतलं. खणताना चांगला जांभा निघत होता, आणि चिरे विकत घ्यायला माणूस दारात उभा होता. माहितगार म्हणाला, "खड्ड्यातला दगड तुमच्याच बांधाला लावा. विकायचा तर आधी परवानगी घ्या, रॉयल्टी भरा." जांभा हे गौण खनिज. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि मशीनसुद्धा जप्त होतं. जमीन आपली आहे हे उत्तर तिथे चालत नाही. खाडीकाठची जमीन असेल तर सीआरझेडची रेषाही बघावी लागते. आबांची जमीन वर सड्यावर, म्हणून तेवढं वाचलं. घेणारा माणूस दोनदा येऊन गेला. आबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पाऊस आला तोवर एकशे अठरा खड्डे भरून तयार होते. उरलेले बेचाळीस तसेच राहिले, ते पुढच्या वर्षी. कलमं एकशे अठरा लागली. आम्ही दिवाळीनंतर पुन्हा जाऊन पाहिली, सात मेली आहेत, बाकीच्यांना पालवी आहे. ना-हरकत दाखला आला, मालकी बदलली, मशीनला महाराष्ट्राचा नंबर मिळाला. चाचांच्या मुलाने तिकडचं मशीन घेतलं नाही. त्याने आबांना विचारलं आहे, उन्हाळ्यात तुमचं मशीन आमच्या बागेत चार दिवस येईल का. आबा हो म्हणालेत, पण डिझेल त्याचं, आणि पैसे घ्यायचे नाहीत, कारण पैसे घेतले की भाड्याचा धंदा होतो आणि त्याचे कागद निराळे.