आर्तवचक्र व गर्भकालगणना

ऋतुप्राप्तीपासून ऋतुनिवृत्तीपर्यंत स्त्रीच्या जननेंद्रियांत ठराविक क्रमाने होणाऱ्या बदलांच्या आवर्तनास आर्तवचक्र (ऋतुचक्र, मासिक पाळी) म्हणतात. स्राव सुरू होण्याचा दिवस हा चक्राचा पहिला दिवस मानतात. प्रौढ स्त्रीमध्ये चक्र सामान्यतः २१ ते ३५ दिवसांचे असते. २८ दिवस ही केवळ गणनेच्या सोयीची सरासरी होय. ऋतुप्राप्तीनंतरची पहिली एकदोन वर्षे अंडमोचन नियमित होत नसल्याने पाळी मागेपुढे होते.

यंत्रणा : चक्राच्या पूर्वार्धात पोष ग्रंथीच्या हॉर्मोनामुळे अंडकोशातील एक पुटक पक्व होते. त्यातील ईस्ट्रोजेनामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होतो. पुटक फुटून अंड बाहेर पडते, यास अंडमोचन म्हणतात. फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो व त्याच्या प्रोजेस्टेरॉनामुळे अंतःस्तर गर्भरोपणास योग्य होतो. गर्भधारणा न झाल्यास पीतपिंडाचा ऱ्हास होऊन अंतःस्तर रक्तासह गळून पडतो. अंडमोचनापासून पुढील पाळीपर्यंतचा काळ बहुधा दोन आठवड्यांच्या आसपास असतो. चक्राच्या लांबीतील फरक मुख्यतः पूर्वार्धात पडतो. म्हणून २८ दिवसांच्या चक्रात अंडमोचन सुमारे १४ व्या, तर ३५ दिवसांच्या चक्रात सुमारे २१ व्या दिवशी होते. अंड सुमारे एक दिवस, तर शुक्राणू पाच दिवसांपर्यंत कार्यक्षम राहतात. त्यामुळे अंडमोचनाचा दिवस व त्याआधीचे पाच दिवस गर्भधारणेस अनुकूल ठरतात.

गणना : गर्भकाल शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होत असल्याने गणनेतील गर्भकाल गर्भाच्या वयापेक्षा तेवढा अधिक असतो. प्रसूतीची अपेक्षित तिथी २८० दिवसांनी, म्हणजे नऊ महिने सात दिवसांनी येते. उदा., १० ऑगस्टला पाळी आली असल्यास ही तिथी १७ मे. चक्र ३५ दिवसांचे असल्यास २४ मे. प्रत्यक्ष प्रसूती नेमकी त्याच दिवशी क्वचितच होते.

अकाली स्राव : गर्भधारणेच्या आरंभी, पाळीच्या अपेक्षित दिवसांच्या सुमारास, काही स्त्रियांना थोडा रक्तस्राव होतो. तो लवकर आलेली पाळी समजल्यास गर्भकाल जवळजवळ चार आठवड्यांनी कमी धरला जातो. नेहमीपेक्षा अल्प किंवा अल्पकाळ टिकलेल्या अशा स्रावानंतर शंका असल्यास मूत्रपरीक्षा करणे युक्त ठरते. सोबत ओटीपोटात तीव्र वेदना किंवा घेरी येत असल्यास गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याचा संभव असून तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

तिथीची आठवण : सह्याद्रीच्या कुशीतील राधानगरी (जि. कोल्हापूर) तालुक्यात वाड्या विखुरलेल्या आहेत व पाऊस विपुल पडतो. अशा भागात तारीख लिहून ठेवलेली नसल्यास बेंदूर, नागपंचमी, गौरी-गणपती, दसरा यांसारख्या सणांच्या आधारे ती ठरविता येते. मात्र सण चांद्र तिथीप्रमाणे येतात व सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक मास पडतो. नागपंचमी २०२२ मध्ये २ ऑगस्टला, तर अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये २१ ऑगस्टला आली. म्हणून त्या त्या वर्षाचे पंचांग पाहूनच दिनांक काढावा लागतो. ‘नऊ महिने नऊ दिवस’ ही लोकगणना चांद्र महिन्यांनी केल्यास सुमारे २७५ दिवस भरतात.

महत्त्व : बालक अकाली जन्मले की नाही, दिवस उलटून गेले की नाही हे गर्भकालावरच ठरते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भसमापन अधिनियमातील (सुधारणा २०२१) २० व २४ आठवड्यांच्या मर्यादाही त्याच्याच आधारे पाळल्या जातात. तिथी अनिश्चित असल्यास पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी सर्वांत विश्वसनीय होय. दिवस भरत येतील तसा तिच्यातील अंदाज ढोबळ होत जातो. म्हणून पाळीचा पहिला दिवस दर महिन्याला दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवणे हा सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय ठरतो.